पुऱ्या बाह्यांचं झंपर

बालक वर्षाचा पैसा तालुक्याला आला आणि तो कुठल्या गावाला द्यायचा यावर उन्हाळाभर खल चालला. साल एकोणीसशे एकोणऐंशी. साऱ्या जगानं हे वर्ष मुलांना वाहिलं आहे, असं तालुक्याच्या कचेरीवर टांगलेल्या कापडी फलकावर लिहिलं होतं. तालुक्याच्या वाट्याला त्यातलं एक केंद्र आलं होतं.

केंद्राचं काम कागदावर चांगलं होतं. भांगलणीला, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची पोरं दिवसभर सांभाळायची, त्यांना दूध आणि सुकडी द्यायची. शिवाय एक सेविका घरोघर हिंडून कुणाच्या पोराला मारहाण होते का, उपाशी ठेवतात का, ते बघणार होती. तसं दिसलं तर तिनं तालुक्याला कळवायचं, आणि मग त्या पोराला दुसऱ्या नातेवाइकाकडं हलवायचा हुकूम सभापतींना काढता येणार होता.

माळजाईवाडीच्या आक्काताईला यातलं शेवटचं वाक्य हवं होतं. ग्रामसेवकाकडून तिनं ते दोनदा वाचून घेतलं.

माळजाईवाडी औंधहून विट्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत, माळावर आहे. गावात ऊस थोडा आणि घरटी एक माणूस बाहेर. कुणी फौजेत, बाकीचे गलाईवाले, म्हणजे परमुलखात सोनं-चांदी गाळायच्या दुकानांत. आक्काताई बौद्धवस्तीतली. सातवी शिकलेली. साताऱ्याला बालवाडीचं शिक्षण घेऊन आली होती. नवरा सांगलीला हळदीच्या पेठेत हमाली करायचा आणि सणासुदीला घरी यायचा. चावडीच्या ओसरीवर ती बालवाडी चालवायची. पगार असा नव्हता. सुगीला लोक पायलीभर जोंधळा घालत, तोही मागितल्यावर.

तिथंच रोज सकाळी मनू नावाची पोरगी नानासोंच्या धाकट्या मुलाला कडेवर घेऊन यायची. मूल आत सोडायची आणि स्वतः पायरीखाली उभी राहायची. नऊ-दहा वर्षांची असेल. आत ये म्हटलं तर म्हणायची, "पानी भरायचं ऱ्हायलंय."

मनू नानासोंच्या घरची, पण नानासोंची नव्हे. नानासो गावातले सगळ्यांत मोठे गलाईवाले. कानपूरला दुकान, गावात सिमेंटचा बंगला. मनूचा बाप त्यांच्या दुकानात भट्टीवर होता. तो तापानं तिकडंच गेला. आई आधीच गेली होती. नानासो स्वतः पोरीला रेल्वेनं घेऊन आले आणि चार माणसांसमोर म्हणाले, हिला माझ्या लेकीसारखी वाढवीन. गावानं त्यांचं नाव घेतलं. त्यांची स्वतःची लेक सांगलीला वसतिगृहात शिकत होती. मनू चुलीपाशी, गोठ्यात आणि आडावर दिसायची.

तिच्या हातांवर डाग होते.

डाग या मुलखात कुणाला नवा नाही. पोर पोटदुखीनं रडायला लागलं, कावीळ झाली, की म्हातारी बाई विळा नाहीतर बिब्ब्याची सुई तापवून बेंबीच्या आसपास चटका देते. गावातल्या निम्म्या माणसांच्या पोटावर ती खूण आहे. पण ती पोटावर असते. मनूचे डाग कोपराच्या खाली होते, एकाखाली एक, उलथन्याच्या कडेएवढे लांब. जुने पांढरे पडले होते. एखादा नवा असायचा.

आक्काताईनं नानासोंच्या बायकोला, बनुबाईला विचारलं होतं. बंगल्याच्या पायरीवर बसून, तिच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कपातून चहा पिताना विचारलं होतं. बनुबाई म्हणाली, पोटात दुखतं म्हणून डाग दिला. पोलीसपाटील म्हणाले, घरातला मामला. सरपंच म्हणाले, बिनआईची पोर, कुणीतरी शिस्त लावायला पाहिजेच की.

मनूची सख्खी मावशी रंगूबाई मेढ्याकडं, डोंगरात होती. आक्काताई एक दिवस बालवाडी बंद ठेवून साताऱ्यात गाडी बदलून तिच्याकडं गेली. रंगूबाईचं एवढंसं भात आणि नाचणी. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं हिशेब मांडला तो पोरीच्या खाण्याचा नव्हता. तिच्या मोठ्या मुलाला नानासो कानपूरला दुकानात घेणार होते. तसा शब्द दिला होता.

"मी न्हाई कशी म्हणू, बहिणीचं लेकरू हाय," रंगूबाई म्हणाली. "पर नानासोच्या घरातनं पोरगी काढून आणली तर आमचे मालक माझ्या पाठीत पाय घालतील. सायबाचा हुकूम आण. हुकूमच हाय म्हटल्यावर आमी तरी काय करणार, असं म्हणता येतंय."

म्हणून आक्काताईला केंद्र हवं होतं. चावडीच्या ओसरीवरच्या चाळीस पोरांना दूध मिळेल हेही होतंच. पण हुकूम काढायची वाट केंद्रातून जात होती, आणि तिला मनूसाठी तो हुकूम काढायचा होता.

*

चैत्रातल्या यात्रेला नानासो गावी आले आणि त्याच आठवड्यात सभापती हंबीरराव गाव बघायला यायचं ठरलं. हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मिशा पिळदार, बोलणं थोडं. तीन गावांतून एक निवडायचं होतं. जागा कोण देतो, यावर बरंच अवलंबून होतं. चावडीची ओसरी गळकी होती. नानासोंनी आपल्या जुन्या घराचा सोपा, म्हणजे पुढचं दालन, देऊ केला.

पाहुणा दारात आला की त्याला ओवाळायचं, ही इथली रीत. मोठ्या घरची मुलगी पुढं होते, आणि पाहुणा ताटात ओवाळणी टाकतो. बनुबाईची लेक परीक्षेमुळं सांगलीला अडकली होती. आक्काताई आदल्या दिवशी बंगल्यावर गेली आणि पायरीवरूनच म्हणाली, "वैनी, मनूला उभी करा ओवाळायला. लेकीवानी ठेवलीया म्हणून लोक नाव घेतील."

बनुबाईला ते पटलं. तिनं आपल्या लेकीचा कानपूरहून आलेला गुलाबी झगा काढला. बाह्या फुग्याच्या, दंडापाशी संपणाऱ्या. मनूचे हात झाकावेत असं तिला सुचलंही नाही. तिच्या लेखी त्यात झाकण्यासारखं काही नव्हतं.

आक्काताईनं मनाशी सगळं बसवलं होतं. ओवाळणाऱ्या मुलीचे हात पाहुण्याच्या तोंडासमोर येतात. वर निरांजनाचा उजेड. मनूनं काही बोलायची गरज नव्हती. फौजेतला माणूस, त्याला दिसलं की त्याला विचारावं लागेल, आणि चारचौघांत विचारलं की कुणालातरी उत्तर द्यावं लागेल.

जीप आली. ताशा वाजला. मनूनं ताट धरलं. हंबीररावांनी गंध लावून घ्यायला मान खाली केली आणि तशीच ठेवली.

"ह्ये काय गं हाताला?" त्यांनी विचारलं.

"पोटात दुखत हुतं," मनू म्हणाली. "डाग दिला."

नानासो हसून म्हणाले की आमच्याकडं डॉक्टरच्या आधी विळा तापतो. त्यावर अर्जुना नावाचा म्हातारा पैलवान पुढं सरसावला आणि त्यानं सदरा वर केला. "आवं, मला तर तीन हायत. एक पोटदुखीचा, एक काविळीचा, आन् तिसरा उगंच. आजी म्हणली, विळा तापलाच हाय तर वाया कशाला घालवायचा."

माणसं खो खो हसली. हंबीररावही हसले. आपलाही एक बेंबीखाली आहे, म्हणाले, पण बायाबापड्यांसमोर दाखवता येत नाही. पुन्हा हशा झाला.

हशा थांबला तरी त्यांची नजर मनूच्या हातावरच होती. कोपराजवळचा डाग ओला होता. त्यांच्या मुठीत ओवाळणीचं नाणं होतं, पुढाऱ्यांच्या मुठीत असतं तसं, आधीच काढून ठेवलेलं. ते त्यांनी परत खिशात टाकलं. पाकीट काढलं आणि ताटात दहाची नोट ठेवली.

गर्दीत कौतुकाची कुजबुज झाली. ओवाळणीला दहाची नोट माळजाईवाडीनं पाहिली नव्हती. सभापतींचं मन मोठं, असं कुणीतरी म्हणालं. आक्काताईला वाटलं, काम झालं.

सोपा बघून झाला, चहा झाला, भाषण झालं. हंबीरराव जीपकडं निघाले तेव्हा आक्काताई बाभळीखाली थांबली होती. त्यांनी ड्रायव्हरला पुढं जाऊ दिलं.

"बाई, तुमीच उभी केलीसा न्हवं त्या पोरीला?"

"व्हय."

"मी फौजेत भाजलेली माणसं उचलल्यात. मला दिसतं."

"मग हुकूम काढा साहेब. मेढ्याला मावशी हाय. ती सांभाळायला तयार हाय."

हंबीररावांनी बंगल्याकडं बघितलं. नानासो ओट्यावर उभे राहून हात हलवत होते. यांनीही हात हलवला.

"सोपा कुणाचा हाय?" ते म्हणाले. "पोरीसाठी हुकूम काढला की त्यो सोपा गेला. जागा न्हाई, मग केंद्र जातंय शेजारच्या गावाला. तिथं पोरं न्हाईत का, हायत. पर तुमच्या चाळिसांचं दूध गेलं. एका पोरीपायी चाळीस पोरं उपाशी ठिवायची, ह्ये तुमी मला सांगा. मी काढतो हुकूम."

उत्तर द्यायला आक्काताईला थोडा वेळ लागला असता. हंबीररावांनी तेवढा दिला नाही.

"आधी केंद्र होऊ द्या," ते मऊ आवाजात म्हणाले. "मग तुमी सेविका. तुमचाच अधिकार. रीतसर कळवा, रीतसर करू." आणि जीपमध्ये बसले.

*

नोट संध्याकाळच्या आत बनुबाईनं काढून घेतली. त्यानंतर तिनं मनूला, सभापतींना हात दाखवायला कुणी सांगितलं होतं, हे विचारलं. मनूला कुणीच सांगितलं नव्हतं, त्यामुळं तिला उत्तर देता आलं नाही. बनुबाईनं बराच वेळ विचारलं. हे आक्काताईला शेजारणीकडून कळलं.

चार-पाच दिवस नानासोंच्या मुलाला गडी सोडायला यायचा. मग मनू आली. अंगावर नवं झंपर होतं, जाड कापडाचं, पुऱ्या बाह्यांचं, मनगटाशी बटण असलेलं. वैशाख होता. पोरगी घामानं निथळत होती. सभापतींनी जाता जाता जीप बंगल्यापाशी थांबवून नानासोंच्या कानात काहीतरी सांगितलं होतं, हे गावाला माहीत होतं. काय सांगितलं ते झंपरावरून कळलं. तालुक्यानं मनूसाठी केलेली उपाययोजना ती तेवढीच.

मृगाच्या सुमारास मंजुरी आली. माळजाईवाडीला केंद्र मिळालं. आक्काताई सेविका झाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला ठरलेला पगार मिळणार होता. दुधाच्या भुकटीचे डबे आले, सुकडीची पोती आली. चाळीसची पंचावन्न पोरं झाली. त्यांतली काही खरोखरच पहिल्यांदा पोटभर खात होती. आक्काताई हे नाकारत नव्हती, आणि कुणी नाकारूही नये.

केंद्राला स्थानिक समिती लागत होती आणि अध्यक्ष बाईच हवी होती. जागा देणाऱ्याच्या घरातली बाई अध्यक्ष, हे इतकं उघड होतं की ग्रामसेवकानं कुणाला विचारलंही नाही. बनुबाई अध्यक्ष झाली.

नेमणूक झाल्यावर आठ दिवसांत आक्काताईनं मनूबद्दल तालुक्याला रीतसर कळवलं. डाग कुठं, किती जुने, मावशी कुठं राहते, सगळं लिहिलं. तिचं पत्र परत आलं. वर शेरा होता: अध्यक्षांमार्फत पाठवावे. आणि शेऱ्यासह ते आलं ते अध्यक्षांच्याच पत्त्यावर. बनुबाईला वाचता येत नव्हतं. तिनं ग्रामसेवकाला ओसरीवर बसवून मोठ्यानं वाचायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्याला कुलूप होतं. पंचावन्न पोरं अंगणात उभी. आया कामाच्या वेळेला खोळंबलेल्या, आणि त्या नानासोंच्या बंगल्याकडं न बघता आक्काताईकडं बघत होत्या. एक जण म्हणाली, "आक्का, तू कुणाच्या घरात नाक खुपसलंस गं? आमचा रोज बुडला."

आक्काताई बंगल्यावर गेली. पायरीवर उभी राहिली. बनुबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"केंद्र तुझं हाय का माझं?" तिनं विचारलं.

"तुमचं, वैनी."

"पोरगी तुझी हाय का माझी?"

आक्काताई तिथून हलली नाही. थोड्या वेळानं बनुबाईनं आतून किल्ली मागवली. ती आणून दिली मनूनं. पायरीवर ठेवली, हातात दिली नाही. घरात तशी शिस्त होती.

*

केंद्र सुरू होऊन पाच महिने झाले, आणि मग त्याचं उद्घाटन ठरलं. चौदा नोव्हेंबर, बालदिन. दिवाळीला आलेले नानासो त्यासाठी मुद्दाम थांबले. सोप्याला आंब्याची डहाळी बांधली. दारावर पत्र्याची पाटी लागली. बालसंरक्षण केंद्र, खाली जागा देणाऱ्या दात्याचं नाव. दात्याचं नाव मोठ्या अक्षरांत होतं.

रंगूबाई सकाळच्या पहिल्या गाडीनं आली. तिला आमंत्रण आक्काताईनं पाठवलेलं नव्हतं, नानासोंनी पाठवलं होतं. तिचा मुलगा त्याच आठवड्यात त्यांच्याबरोबर कानपूरला निघणार होता. तिनं मनूसाठी नाचणीचे लाडू आणि एक जुनं चिटाचं लुगडं आणलं होतं, परकर शिवायला. आक्काताईला वाटलं, हा शेवटचा मार्ग. साहेबाचा हुकूम नाही तर नाही. सख्ख्या मावशीनं एकदा डोळ्यांनी बघितलं तर कदाचित ती हात धरून घेऊन जाईल. मागच्या वेळचंच तिनं पुन्हा धरलं होतं. नुसतं दिसलं पाहिजे.

सोप्याच्या मागं मनू ताट पुसत होती. नवा हिरवा परकर, तेल लावून घातलेल्या वेण्या, आणि ते पुऱ्या बाह्यांचं झंपर. रंगूबाईनं तिला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला, वेणी हातात घेऊन बघितली.

"बाई बाई, केवढी झाली," ती आक्काताईला म्हणाली. "तू म्हणत हुतीस तसं काय दिसत न्हाई की. सुखात हाय पोर. अंगावर कापड बघ. आमच्यात कुठलं आलंय असलं."

"मनू," आक्काताई म्हणाली, "बटण काढ. मावशीला हात दाखव."

मनूनं ताट छातीशी धरलं. दुसऱ्या हातानं बाही मनगटापाशी घट्ट आवळली.

"दाखव बाळा. मावशीच हाय."

"न्हाई," मनू म्हणाली. "आता पोटात दुखत न्हाई."

आक्काताई एक पाऊल पुढं झाली. मनू दोन पावलं मागं झाली आणि भिंतीला टेकली. ती आक्काताईला घाबरत होती. बनुबाईला ती घाबरायची तसंच. मागच्या वेळी हात दिसले होते, आणि दिसल्यावर काय होतं ते मनूला पक्कं माहीत झालं होतं.

आक्काताई थांबली. जबरदस्तीनं बटण काढणं तिच्या हातात होतं. तिनं ते केलं नाही. रंगूबाईनं दोघींकडं बघितलं. क्षणभर तिच्या तोंडावर काहीतरी आलं. मग ताशा वाजला, आणि ती पदर सारखा करत म्हणाली, "कशाला पोरीला ओढतीस? चांगल्या दिवशी." लाडवांचं गाठोडं मनूच्या पायापाशी ठेवून ती पुढच्या अंगाला, बायकांत जाऊन बसली. संध्याकाळच्या गाडीनं ती मेढ्याला परत गेली. जाताना म्हणाली, जिवाला घोर लागला होता, तो गेला.

हंबीरराव जीपमधून उतरले. बरोबर जिल्ह्याचे एक अधिकारी आणि फोटोवाला होता. समितीच्या अध्यक्षा म्हणून बनुबाई हार घेऊन पुढं उभी होती. तिच्यामागून मनू ताट घेऊन आली. या सात महिन्यांत तिला चांगलं ओवाळता यायला लागलं होतं. फोटोवाल्यानं तिला जरा डावीकडं सरकवलं, म्हणजे पाटी चौकटीत येईल.

हंबीररावांनी गंध लावून घ्यायला मान खाली केली. मनगटाशी बटण लावलेल्या बाहीवर त्यांची नजर थांबली, आणि सुटली. मग त्यांनी मूठ उघडली आणि ताटात चार आण्याचं नाणं टाकलं.